हरवलेली सम: घरच्या ध्वनिमुद्रणातल्या पातळ्यांविषयी

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतोय ना? येत नसेल तर हात वर करा, पण यंत्रावर बसलेल्या दादांना लगेच आवाज वाढवायला सांगू नका. आधी आम्हीच जरा माइकच्या जवळ सरकून बघतो. आजचं सगळं व्याख्यान एका अर्थानं याच गोष्टीबद्दल आहे.

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस मिक्सिंगवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. रास्त आहे. आम्ही ध्वनी अभियंते नाही. पण गेली काही वर्षं आमच्याकडे जुने विद्यार्थी, नातेवाईक, शेजारीपाजारी घरी केलेली ध्वनिमुद्रणं पाठवतात. अभंग, भावगीतं, गझला, एकीनं तर पाळणे पाठवले होते. 'सर, ऐका आणि काय वाटतं ते सांगा.' सांगणं ही आमची जन्माची खोड, त्यामुळे आम्ही ऐकत गेलो आणि सांगत गेलो. गळे बरे असतात, पुष्कळदा फार चांगले असतात. माइक आणि इंटरफेसही आता काही हजारांत बरे मिळतात. तरीही या ध्वनिमुद्रणांत एक दोष पुन्हा पुन्हा भेटतो, आणि तो गळ्याचा नसतो, माइकचाही नसतो. तो विचाराचा दोष आहे असं आमचं मत झालं. म्हणून हे धाडस.

गोष्ट अशी झाली. आमचा एक जुना विद्यार्थी आहे, आता बँकेत अधिकारी. भजनी मंडळात वाढलेला, गळा मोकळा. त्यानं घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून, एक अभंग ध्वनिमुद्रित केला. गायक तोच, पेटीही त्याचीच. तबल्याला शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ. तंबोरा इलेक्ट्रॉनिक. टाळ मुलीच्या हातात, आणि मागे धरायला बायको आणि तीच मुलगी. त्यानं आम्हाला दोन फाइली पाठवल्या. एकीचं नाव 'कच्चा', दुसरीचं 'पक्का'. आम्ही दोन्ही ऐकल्या आणि तासाभरात कळवलं: पक्का उत्तम, कच्चा अगदीच मिळमिळीत. झालं! त्यानं पक्का सगळीकडे पाठवला.

ती आमची चूक होती. कळायला दोन महिने लागले. एका संध्याकाळी जेवताना तोच 'पक्का' अभंग आम्ही मंद आवाजात लावला होता. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला लक्षात आलं की काहीतरी निसटतंय. ठेका चालला होता, शब्द चालले होते, सूरही बरोबर होते. पण सम येत नव्हती. म्हणजे मोजून दाखवायची तर ती जागेवर होती, पण मान हलायला हवी तिथे मान हलत नव्हती. उलट नेमक्या त्या जागी सगळं गाणं क्षणभर आत ओढलं जायचं, एखाद्यानं दार अर्धवट लोटून घ्यावं तसं. मग हळूहळू पुन्हा फुगायचं. पुढच्या समेला पुन्हा तेच. आम्ही ताट बाजूला सारून कच्चा लावला. त्यात सम होती.

मग आम्ही त्याला फोन केला. म्हटलं, बाबा रे, आम्ही तुला चुकीचं सांगितलं. तुझा संगणक घेऊन ये, ते आठही ट्रॅक उघडून बघू.

तो येईपर्यंत आम्हाला एकच प्रश्न छळत होता. इतकी वर्षं गाणं ऐकणारा माणूस पहिल्या वेळी फसला कसा? उत्तर लाजिरवाणं आहे. पक्का हा कच्च्यापेक्षा मोठा वाजत होता. बस्स, एवढंच. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाचा कान वेगवेगळ्या पातळीवर कसा ऐकतो याचे आलेख मांडले. त्यांतून दिसतं ते असं की हळू आवाजात कानाला खालचे, खर्जाचे ध्वनी कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे तेच गाणं, तोच समतोल, नुसतं मोठं केलं तरी ते अधिक भरदार, अधिक 'पक्कं' वाटतं. जुने दुकानदार हे आलेख न बघताही ओळखून असावेत, दोन स्पीकर शेजारी ठेवून ज्याचा नफा जास्त तो जरा मोठा लावून दाखवत. आम्ही त्या गिऱ्हाइकासारखे वागलो. दोन फाइलींची तुलना करताना आधी दोघींचा ऐकू येणारा आवाज सारखा करायचा असतो, हा पहिला धडा आम्ही सत्तरी ओलांडल्यावर शिकलो.

आता जरा आमच्या घरच्या अंगणात येतो. डेसिबल म्हणजे काय? लोक 'माझा आवाज उणे सहा डेसिबल आहे' असं म्हणतात तेव्हा आम्हाला प्लेटोच्या 'फीडो' संवादातला सिमियास आठवतो. सिमियास हा सॉक्रेटिसपेक्षा उंच आणि फीडोपेक्षा बुटका. मग सिमियासच्या ठायी उंची आहे की बुटकेपणा? आपल्याकडे वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांब असणं आणि जवळ असणं, हे गुण मानले, पण ते कळायला अपेक्षाबुद्धी लागते असं बजावलं. कशाच्या अपेक्षेनं लांब, कशाच्या अपेक्षेनं जवळ, हे मनात धरल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही. डेसिबल हा या कुळातला आहे. ते प्रमाण आहे, गुणोत्तर आहे. सहा डेसिबल वाढले म्हणजे लहरीची उंची जवळपास दुप्पट झाली. पण कशाच्या दुप्पट? संगणकात जो 'शून्य' दिसतो तो तळ नसतो, ते छत असतं. त्याच्या वर आकडा लिहायला जागाच नाही, लहरीचा माथा सपाट कापला जातो, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. म्हणून सगळे आकडे उणे. आपण छतापासून खाली मोजतो.

छतापासून मोजणं ही गोष्ट साधी वाटते, पण तिनं घोटाळा केलाय. जुन्या टेपच्या काळात 'शून्य' वेगळं होतं. १९३९ च्या सुमारास अमेरिकेत रेडिओवाल्यांनी जो व्हीयू मीटर स्वीकारला, त्याचा काटा ध्वनीची सरासरी दाखवायचा, आणि त्याच्या शून्यावर आणखी बरीच मोकळी जागा असायची. शून्याच्या आसपास काटा नाचतोय म्हणजे छान चाललंय. शिवाय टेपला स्वतःची खरखर होती, त्यामुळे आवाज तिच्या वर, होईल तितका मोठा भरायचा, हे शहाणपण होतं. ते शहाणपण आपण जसंच्या तसं उचललं आणि जिथे शून्य म्हणजे छत आहे तिथे लावलं. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणाची व्याप्ती कागदावर १४४ डेसिबल भरते. मागच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर त्या तळाच्या कितीतरी वर असते. म्हणजे सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवली, सर्वांत मोठा आघात उणे ८-१० च्या वर जाऊ दिला नाही, तरी काहीही हरवत नाही. पण सांगून ऐकतं कोण? मीटरचा हिरवा पट्टा अर्ध्यावरच थांबलेला दिसला की माणसाला वाटतं, आपण वर्गात मागे पडलो.

तर विद्यार्थी आला, संगणक उघडला. आठ ट्रॅक. मुख्य आवाज, पेटी, तबला, डग्गा, तंबोरा, टाळ, आणि मागे धरणारे दोन. आम्ही म्हटलं, कुठलाही खेळ करू नकोस, तू हे कसं केलंस तेवढं सांग. तो सांगत गेला. पेटी आधी वाजवली म्हणून तिची पातळी आधी लावली, 'चांगली' ऐकू येईल अशी. मग आवाज घेतला, तो पेटीत बुडायला लागला, म्हणून आवाज वर. मग तबला आला, तो दोघांत दिसेना, म्हणून तबला वर. डग्ग्याचा घुमारा मोबाइलवर येईना, डग्गा वर. टाळ चमकायला हवेत, टाळ वर. एव्हाना मुख्य आवाज पुन्हा खाली गेलेला, म्हणून तो पुन्हा वर.

आपण सगळ्यांनी लग्नाच्या पंगती पाहिल्या आहेत. एक जण शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून आवाज चढवतो, मग दुसरा, मग सगळा मांडव. शेवटी प्रत्येक जण ओरडतोय आणि प्रत्येकाला आपलं बोलणं तेवढंच ऐकू येतंय जेवढं सुरुवातीला येत होतं. सगळेच वर गेले की वर कोणीच जात नाही. फक्त छत जवळ येतं.

हिशोबही सांगतो. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्या पातळीचे दोन ध्वनी मिळवले की बेरीज सुमारे ३ डेसिबलनं चढते. चार मिळवले की ६. आठ मिळवले की ९. म्हणजे आठही जणांना एकेकटं छतापाशी नेऊन ठेवलं की एकत्र आल्यावर त्यांचं डोकं छताला आपटणारच. हे एकत्र येण्याचं ठिकाण म्हणजे मास्टर बस.

'बस' या शब्दाची गंमत बघा. लॅटिनमधला 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यावरून सर्वांसाठीची गाडी झाली, आणि विजेच्या कामात सगळ्या जोडण्या जिथे मिळतात त्या जाड पट्टीला बसबार म्हणू लागले. तिथून तो शब्द ध्वनीच्या मिश्रकावर आला. सर्वांसाठी! आणि त्याच्या आधी आपण 'मास्टर' लावून ठेवलंय. एक शब्द सार्वजनिक, दुसरा मालकीचा. आमच्या विद्यार्थ्याची सगळी गडबड या दोन शब्दांच्या मधोमध होती. मास्टरवर लाल दिवा लागला तेव्हा त्यानं काय केलं? आधी मास्टर फेडर खाली ओढला. मग आवाज लहान वाटला म्हणून मास्टरवर एक लिमिटर बसवला, आणि त्यातून सगळं पुन्हा नऊ डेसिबल वर ढकललं.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर या विषयातले जाणकार आम्हाला सोडणार नाहीत. मास्टर फेडर खाली ओढला यात यांत्रिकदृष्ट्या फार बिघडत नाही. आजची बहुतेक सॉफ्टवेअर आत ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटनं किंवा त्याहून मोठ्या व्याप्तीनं गणित करतात. तिथे बेरीज शून्याच्या वर गेली तरी लगेच कापली जात नाही, शेवटी खाली ओढली की ती अखंड परत मिळते. जुन्या ॲनालॉग मिश्रकावर हे चालत नसे. तिथे बेरीज करणारा ॲम्प्लिफायरच आधी विकृत व्हायचा, मग नंतरचा फेडर कितीही ओढा. म्हणजे पूर्वी या पापाला जागच्या जागी शिक्षा होती, आता नाही. मग पाप उरलं का? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही हा प्रश्न अनेक वर्षं विचारत आलो, पण उदाहरण इतकं चांगलं कधी सापडलं नव्हतं.

आमच्या मते उरतं. कारण शिक्षा जाते तेव्हा निर्णय घेण्याची निकडही जाते. मास्टर खाली ओढला की आठांमधलं नातं तसंच राहतं, भांडण तसंच राहतं, फक्त ते लांबून ऐकू येतं. आणि त्यावर लिमिटर बसवला की खरा घात होतो. लिमिटर म्हणजे काय, तर एक द्वारपाल. ठरलेल्या रेषेच्या वर कोणी डोकं काढलं की तो सगळ्यांना वाकवतो. कोणी डोकं काढलं हे तो विचारत नाही, कारण त्याच्यापाशी येईपर्यंत आठांचे वेगळे आठ उरलेलेच नसतात. एकच लहर असते. आमच्या या अभंगात डोकं कोण काढत होतं? डग्गा. खर्जाच्या ध्वनीत ऊर्जा फार असते. आणि डग्ग्यावर जोराची थाप कुठे पडते? समेवर. मग त्या क्षणी लिमिटर सगळा मिक्स सहा-सात डेसिबल खाली दाबायचा. सहा डेसिबल, म्हणजे मुख्य आवाजाच्या लहरीची उंची अर्धी! ज्या अक्षरावर गायकानं जीव टाकला तेच अक्षर अर्धं झालं. मग लिमिटर सावकाश हात काढायचा आणि आवाज पुन्हा फुगायचा. तो मघाचा दार लोटल्यासारखा भास म्हणजे हाच.

म्हणजे यंत्रानं समेचा नेमका उलटा अर्थ लावला. संगीतात जिथे सगळे मिळून पोचतात, ती जागा यंत्राच्या दृष्टीनं गर्दीची, धोक्याची जागा. तिथे त्यानं बंदोबस्त लावला. आम्हाला हे पडद्यावर दिसलं तेव्हा विद्यार्थी दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला वाटलं होतं तबलजींचाच हात हलका पडला." त्या गृहस्थांना त्यानं तसं बोलूनही दाखवलं होतं. हे ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. एका माणसाच्या हाताला मास्टर बसवरच्या चुकीचा दोष लागला होता, आणि त्या चुकीवर 'उत्तम' असा शेरा आमचा होता.

टाळांचं वेगळंच. टाळाचा आघात अतिशय अणकुचीदार असतो. मीटरवर तो उंच उडी मारतो पण कानाला तितका मोठा लागत नाही, कारण कान क्षणिक टोकापेक्षा काही काळाची सरासरी जास्त मोजतो. म्हणून मीटरवर डोळा ठेवून पातळ्या लावल्या की टाळाला उगाच गप्प केलं जातं आणि पेटीला मोकळं रान मिळतं. पेटीचा सूर एकसारखा, सलग. मीटरवर ती सभ्य दिसते. पण गळ्याच्या स्वरक्षेत्रातच बसल्यामुळे गळा तीच झाकते. सभ्य दिसणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवावं, हा आमचा महाविद्यालयातल्या समित्यांवरचा अनुभव इथेही खरा ठरला.

पातळी लावणं ही काही संगणकानं आणलेली भानगड नाही. १९०२ साली गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं तेव्हा ना माइक, ना फेडर. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. त्याआधी एक कर्णा असायचा, आणि कोण त्याच्या किती जवळ, कोण किती लांब, यातच सगळं मिक्सिंग. आपल्या बैठकीतही तेच नाही का? तंबोरे गायकाच्या मागे, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या. ही बसण्याची व्यवस्था म्हणजे शतकानुशतकांचं मिक्सिंग आहे. तंबोरा ऐकू यावा पण त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, तो थांबला तर मात्र जमीन सरकल्यासारखं वाटावं. ही पातळी आकड्यात सांगता येत नाही, पण ऐकणाऱ्याला ती चुकली की लगेच कळते. घरी ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक वाद्य वेगळं, वेगळ्या दिवशी, माइकच्या वीतभर अंतरावर घेतलं जातं. सगळेच पहिल्या रांगेत. परत्व-अपरत्व सगळं पुसलेलं. ते पुन्हा निर्माण करणं हे फेडरचं काम.

घरच्या साधनांनी हे जमतच नाही असं कोणी म्हणेल तर त्याला आम्ही अमेरिकेतलं उदाहरण देऊ. ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकानं १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपण्याच्या खोलीत, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. हेतू होता बँडला ऐकवण्यासाठी कच्चे नमुने करायचे. पुढे स्टुडिओत बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली, पण ती कॅसेटवरच्यासारखी होईनात. शेवटी कॅसेटच 'नेब्रास्का' या नावानं तबकडीवर आली. तबकडी कापताना अभियंत्यांच्या नाकी नऊ आले, कारण मूळ ध्वनी यांत्रिकदृष्ट्या गरीब होता. आम्हाला हा अल्बम सलग ऐकवत नाही, तो फार उदास आहे. पण त्यात कोण पुढे आणि कोण मागे याबद्दल एक क्षणही शंका येत नाही. चारच ट्रॅक होते, त्यामुळे ठरवावं लागलं. आणि याच्या उलट टोक म्हणजे २००८ सालचा मेटॅलिका या जगप्रसिद्ध बँडचा 'डेथ मॅग्नेटिक'. पैसा, स्टुडिओ, माणसं, कशाचीच कमी नाही. पण आवाज इतका चिरडलेला की चाहत्यांनीच तक्रार केली, आणि संगीताच्या एका व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त मोकळी सापडली म्हणून लोक ती ऐकू लागले. मास्टरिंग करणाऱ्या अभियंत्यानं सांगितलं की मिक्स त्याच्या हाती आला तोच चिरडलेल्या स्थितीत. यापुढे मास्टरवर कोणी काय करणार?

"पण सर," आमचा विद्यार्थी म्हणाला, "लोक रिक्षात ऐकतात, फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकतात. माझं गाणं दुसऱ्याच्या गाण्यानंतर लागलं आणि बारीक वाटलं तर पुढे ढकलतात."

हा आक्षेप खोटा नाही. त्याचा अर्धा भाग मात्र आता कालबाह्य झालाय. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं मोजमाप ठरवलं, २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारण संघानं त्यावरून उणे २३ हे लक्ष्य घालून दिलं, आणि आज स्पॉटिफायसारखी सेवा सर्वसाधारणपणे सगळी गाणी उणे १४ च्या पातळीला आणून वाजवते. मोठं असेल त्याला खाली ओढते. म्हणजे तुम्ही समेचा बळी देऊन जे मोठेपण मिळवलं ते दारातच काढून घेतात, बळी मात्र परत मिळत नाही.

उरलेला अर्धा भाग खरा आहे आणि तिथे आम्ही हार मानली. फोनच्या स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज येतच नाही, तंबोरा विरून जातो, आणि गायकानं हळू घेतलेली ओळ रस्त्याच्या गोंगाटात बुडते. चढउतार थोडे आवळायला लागतात. पण कोणाचे? त्या हळू ओळीचे. तर मुख्य आवाजाच्या ट्रॅकवर, त्या ओळीपुरता फेडर हातानं उचला, ओळ संपली की खाली आणा. वेळ लागतो. आम्हाला एका अभंगाला दीड तास लागला. लिमिटरनं हेच एका बटणात केलं असतं, पण त्या ओळीबरोबर तबला, टाळ, पेटी सगळ्यांना वेठीला धरून.

मग आम्ही सगळे फेडर शून्यावरून, म्हणजे पूर्ण खालून, पुन्हा सुरू केले. मास्टर फेडरला हात लावायचा नाही, तो जिथे आहे तिथेच. त्यावरचं सगळं काढून टाकलं. पहिला मुख्य आवाज, इतका की मीटर अर्ध्यावर. मग तंबोरा, ऐकू येतो-न येतो अशा कडेवर. मग डग्गा, आणि समेवर डग्गा व शब्द एकत्र पडले तरी शब्द दिसला पाहिजे इतकाच. पेटी शेवटी. ती एका कोपऱ्याला सरकवली आणि शब्द संपतात तिथेच थोडी उचलली. काही बुडतंय असं वाटलं की आधी विचारायचं, दुसरं काय खाली घेता येईल? हा एकच नियम आम्ही पाळला. स्पीकरचा आवाज मुद्दाम इतका कमी ठेवला की आम्ही बोललो तर गाणं झाकलं जाईल. कमी आवाजात समतोल चुकला तर लपत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून चुकत होती. आम्ही सारखे टाळ वाढवायला सांगत होतो. शेवटी मुलगी म्हणाली, "आजोबा, कान फाटतायत माझे." सत्तरीनंतर वरच्या पट्टीतले ध्वनी आमच्या कानांना कमी पोचतात, हे आम्ही सोयीस्कर विसरलो होतो. टाळांची पातळी तिनं लावली.

मास्टर बसवर काहीच करू नये असं आमचं म्हणणं नाही. अनेक नामवंत अभियंते मास्टरवर कॉम्प्रेसर ठेवून काम करतात. पण ते तो पहिल्या दिवशी ठेवतात, हलका, एक-दोन डेसिबल दाबणारा, आणि त्याच्या आतच बाकीच्या पातळ्या लावतात. त्यामुळे तो काय करतोय ते त्यांना सतत ऐकू येत असतं. शेवटच्या रात्री आणून बसवला की तो काय करतोय हे कळायला कोणी जागं नसतं. आम्ही अगदी शेवटी एक लिमिटर ठेवला, छताच्या एक डेसिबल खाली, कधी एखादी टाळाची टोकदार उडी निसटली तर अडवायला. पूर्ण अभंगात तो तीनदा हलला.

नव्या मिक्सची एक प्रत विद्यार्थी स्वतः त्या तबलजींकडे घेऊन गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आता ऐकू या. आधी 'पक्का', पण नऊ डेसिबलनं खाली ओढलेला, म्हणजे दोन्ही सारख्याच मोठेपणानं ऐकू येतील. मग नवा. डोळे मिटून ऐका आणि समेवर स्वतःच्या मानेकडे लक्ष ठेवा. कोणता बरा याचे हात दोन्ही संपल्यावर वर करा, आधी नको. आणि आम्ही या वेळी हात वर करणार नाही, आमचा कौल एकदा चुकलेला आहे. दादा, लावा. आवाज आहे तिथेच राहू द्या.